हँडल तिसऱ्यांदा तुटलं तेव्हा: एका घरातल्या आठ खिडक्यांचं प्रकरण

तळमजला आणि वर एक मजला असं हे घर. खिडक्या आठ. खाली बैठकीत दोन, स्वयंपाकघरात एक, बाथरूममध्ये एक, जिन्याखालच्या अडगळीच्या खोलीत एक; वर झोपायच्या तीन खोल्यांत एकेक. अडगळीच्या खोलीतली खिडकी जुनी, अॅल्युमिनियमची. बाकी सात यूपीव्हीसीच्या, म्हणजे कडक प्लॅस्टिकच्या, सगळ्यांची झडप बाहेर उघडणारी. घरात नवरा-बायको, चार वर्षांची मुलगी आणि हाताला संधिवात असलेल्या आजी.

माझ्याकडे आलेली मागणी साधी होती: आठही हँडल काढून एकसारखी नवी बसवायची. निमित्त स्वयंपाकघरातल्या खिडकीचं. तिथलं हँडल तिसऱ्यांदा तुटलं होतं आणि उरलेला खुंट पकडीत धरून खिडकी लावणं चाललं होतं. "दादा, या वेळी भारीतलं बसवा, म्हणजे प्रश्न मिटेल," असं घरातल्या ताईंचं म्हणणं.

एकाच खिडकीचं हँडल पुन्हा पुन्हा तुटतं तेव्हा दोष हँडलमध्ये असण्याची शक्यता फार कमी असते. मजबूत हँडल लावलं, की पुढच्या वेळी हँडलऐवजी आतला गिअरबॉक्स तुटतो आणि तो बदलणं जास्त कटकटीचं. म्हणून मोजपट्टी हातात घेण्याआधी ही खिडकी नीट पाहायची, असं ठरवलं.

आधी कारण

यूपीव्हीसी खिडकीच्या हँडलमागे एक चौकोनी दांडा असतो, त्याला स्पिंडल म्हणतात. तो झडपेच्या आत बसवलेल्या गिअरबॉक्समधून जातो. हँडल फिरवलं की गिअरबॉक्स झडपेच्या कडेने बसवलेली लांब पट्टी वर-खाली सरकवतो, पट्टीवरच्या पिना चौकटीवरच्या स्ट्रायकरमध्ये, म्हणजे धातूच्या खाचेत, अडकतात आणि झडप आत ओढली जाते. म्हणजे हँडल जड लागतं तेव्हा अडचण हँडलमध्ये, गिअरबॉक्समध्ये, पट्टीत किंवा स्ट्रायकरपाशी, कुठेही असू शकते.

ती कुठे आहे हे ओळखायची एक सोपी चाचणी आहे. झडप उघडी ठेवायची आणि हँडल फिरवायचं. उघड्या झडपेतही जड लागलं तर दोष गिअरबॉक्समध्ये किंवा पट्टीत. उघड्यात सैल आणि बंद करताना जड, तर झडप आणि चौकट यांचं जुळत नाहीये. मी सोबतचं एक हँडल तात्पुरतं लावलं. उघड्या झडपेत ते दोन बोटांनी फिरलं. झडप लावली आणि पाऊण वाटेतच अडलं. ताई म्हणाल्या, "इथेच जोर लावावा लागतो."

मग पिनांच्या टोकांना स्केचपेनची शाई लावली, झडप हलकेच ओढून घेतली आणि उघडून पाहिलं. शाईचा डाग स्ट्रायकरच्या तोंडात पडायला हवा होता, तो त्याच्या कडेवर पडला होता, जवळजवळ 3 मिमी खाली. झडपेचा हँडलकडचा खालचा कोपराही चौकटीवर घासून चकचकीत झाला होता. झडप बसली होती, म्हणजे हँडलच्या बाजूने खाली आली होती.

झडप बसण्याची दोन मुख्य कारणं असतात. बिजागरीच्या रिबिटा झिजतात, नाहीतर झडपच तिरकी होते. बिजागरी तपासायला झडप अर्धी उघडून हँडलकडचा खालचा कोपरा हाताने वर उचलून पाहिला. खटखट नव्हती, रिबिटा घट्ट होत्या. तसं नसतं तर बिजागऱ्याच बदलाव्या लागल्या असत्या आणि त्या घेताना लांबीबरोबर जाडीही बघावी लागली असती. या बिजागऱ्या 13 मिमी आणि 17 मिमी अशा दोन जाडींत येतात. एकीच्या जागी दुसरी बसवली तर झडप रबराला धड टेकत नाही.

म्हणून झडपेचे कर्ण मोजले. बिजागरीकडच्या वरच्या कोपऱ्यापासून हँडलकडच्या खालच्या कोपऱ्यापर्यंत एक, आणि दुसरा त्याच्या उलटा. पहिला 4 मिमीने मोठा भरला. झडप आयताची समांतरभुज झाली होती. यूपीव्हीसीची पोकळ झडप काचेचं वजन एकटी पेलू शकत नाही. काच तिच्यात नुसती ठेवलेली नसते, कोपऱ्यांत प्लॅस्टिकच्या चकत्या घालून ताठ अडकवलेली असते. फाटकाला जशी तिरकी पट्टी मारतात, तसं काम ती काच करते. बिजागरीकडच्या खालच्या कोपऱ्यात एक टेका आणि हँडलकडच्या वरच्या कोपऱ्यात दुसरा, असा तो ताण. या खिडकीत वरची चकती घसरून खाली आली होती.

काच धरून ठेवणाऱ्या बाजूच्या क्लिप-पट्ट्या काढल्या, चपट्या पट्टीने हँडलकडची बाजू थोडी उचलून वरच्या कोपऱ्यात जाड चकती बसवली, खालच्या कोपऱ्यातली जागेवर घट्ट केली. दोन्ही कर्ण जवळजवळ सारखे आले. शाईचा डाग स्ट्रायकरच्या तोंडात पडला. जे हँडल मघाशी पाऊण वाटेत अडलं होतं, ते आता पूर्ण फिरलं. तिन्ही हँडल या एका चकतीपायी गेली होती. नवीन हँडलचा प्रश्न इथून पुढे सुरू होतो.

मोजमाप

हँडल काढायला फारसं काही लागत नाही. हँडलच्या झडपेला टेकणाऱ्या बुडावर, म्हणजे बैठकीवर, प्लॅस्टिकची टोपी असेल तर ती नखाने उचलायची. नसेल तर हँडल अर्धवट फिरवायचं, म्हणजे त्याखाली लपलेला स्क्रू दिसतो. दोन स्क्रू काढले की हँडल स्पिंडलसकट हातात येतं. झडप उघडी असतानाच काढावं आणि काढल्यावर वाऱ्याने झडप लागणार नाही याची काळजी घ्यावी.

मोजायच्या गोष्टी तशा थोड्या. स्पिंडलची जाडी यूपीव्हीसी खिडकीत सर्वसाधारणपणे 7 मिमी असते. दाराच्या हँडलचं स्पिंडल बहुतेक वेळा 8 मिमी असतं, म्हणून घरात पडलेलं दाराचं हँडल इथे चालेल असं समजू नये. दोन स्क्रूंमधलं अंतर या सात खिडक्यांत 43 मिमी होतं, जे या प्रकारात सगळीकडे दिसतं. ते मोजताना भोकाचं केंद्र डोळ्याने शोधत बसू नये. दोन्ही भोकं एकाच मापाची असतात, तेव्हा एकाच्या डाव्या कडेपासून दुसऱ्याच्या डाव्या कडेपर्यंत मोजलं की तेच अंतर अचूक मिळतं.

सगळ्यात जास्त घोळ होतो तो स्पिंडलच्या लांबीचा. ही लांबी हँडलच्या बैठकीच्या सपाट मागच्या बाजूपासून स्पिंडलच्या टोकापर्यंत धरायची. बैठकीला मागे गोल उंचवटे असतील तर ते झडपेच्या भोकात बसतात, त्यांच्यापासून मोजायचं नाही. बाजारात 10 मिमीपासून 55 मिमीपर्यंतची स्पिंडलं मिळतात, आणि चुकीचं घेतलं की लगेच कळतं असंही नाही. जास्त लांब असेल तर हँडल झडपेला टेकत नाही, फट राहते, ते तरी दिसतं. आखूड असेल तर हँडल छान टेकतं, फिरतंही, पण स्पिंडल गिअरबॉक्समध्ये जेमतेम शिरलेलं असतं आणि काही महिन्यांत त्याचे कोपरे गोल होतात.

स्वयंपाकघरात नेमकं तेच झालेलं सापडलं. तुटलेल्या हँडलचं स्पिंडल 25 मिमी होतं आणि टोकाकडच्या साधारण 4 मिमी भागात त्याच्या चारही धारा घासून गेल्या होत्या. बाकीचं स्पिंडल कोरं करकरीत. म्हणजे तेवढंच आत जात होतं. म्हणून "जुनं हँडल आहे ना, त्याच्यावरून मोजा" हा सल्ला मला अर्धाच पटतो. जुनं हँडल मूळचं असेल तर ठीक. आधीच कोणी बदललेलं असेल तर त्याचं माप म्हणजे आधीच्या माणसाचा अंदाज.

खरं माप झडपेतच असतं. व्हर्नियर कॅलिपरच्या मागच्या टोकाला खोली मोजायची बारीक दांडी असते, ती स्पिंडलच्या भोकातून आत सोडायची. झडपेच्या पृष्ठभागापासून गिअरबॉक्सच्या चौकोनी भोकाच्या अलीकडच्या कडेपर्यंत 21 मिमी भरले, पलीकडच्या कडेपर्यंत 32. त्यामुळे 30 मिमीचं स्पिंडल घेतलं तर 9 मिमी आत बसतं आणि मागे टोकतही नाही. बैठकीच्या आणि बाथरूमच्या खिडक्यांचं मापही हेच आलं. वरच्या मजल्यावर मात्र अलीकडची कड 29 मिमीवर आणि पलीकडची 40 वर. वरच्या खिडक्या नंतर बसवल्या होत्या आणि त्यांची झडप जाड होती. बाहेरून सगळ्या सारख्या पांढऱ्या दिसत असल्यामुळे घरातल्यांना ते कधी लक्षात आलं नव्हतं. एकसारखी आठ हँडल मागवली असती तर निम्मी चुकली असती. यातून मार्ग सोपा निघाला: सगळी 40 मिमीची घ्यायची आणि खालची हॅक्सॉने 30 वर कापायची. कापल्यावर कानशीने धार मोडायची, नाहीतर ती गिअरबॉक्सच्या भोकात खरवडते. लांब स्पिंडल कापता येतं, आखूड वाढवता येत नाही, म्हणून शंका असेल तिथे लांबच घ्यावं.

वरच्या एका खोलीतलं हँडल नुसतंच गरागरा फिरत होतं. नशिबाने झडप उघडी होती. हँडल काढून एक सुटं 7 मिमीचं स्पिंडल गिअरबॉक्समध्ये घातलं आणि छोट्या पान्याने फिरवलं. पिना सुरळीत वर-खाली झाल्या. गिअरबॉक्स शाबूत, हँडलच्या आतली पकड गेलेली. हे तपासल्याशिवाय गिअरबॉक्स बदलायला निघू नये आणि हे तपासल्याशिवाय नवं हँडलही मागवू नये.

हँडल सरळ की वाकडं, हाही मुद्दा होता. काही हँडलची मूठ बैठकीच्या रेषेत असते, काहींची एका बाजूला वळवलेली, जेणेकरून बोटं चौकटीवर घासू नयेत. वळवलेली असतील तर डावी-उजवी वेगळी असतात, आणि कोणत्याला डावी म्हणायचं यात विकणाऱ्यांचं एकमत नसतं. कोणी बिजागरी कुठल्या बाजूला आहे ते धरतं, कोणी मूठ कुठे वळली आहे ते. या घरात बैठकीतली दोन वळवलेली होती. मागवायची वेळ आली तर शब्दांवर न जाता खिडकी बंद असताना आतून काढलेला फोटो पाठवावा, हे मी त्यांना लिहून दिलं.

अॅल्युमिनियमची खिडकी

अडगळीच्या खोलीतलं हँडल मुळात वेगळ्याच जातीचं. त्याला स्पिंडल नाही. मुठीच्या बाजूला एक नाक असतं, हँडल फिरवलं की ते चौकटीवरच्या ठोकळ्यावर चढतं आणि झडप आत ओढून धरतं. इथे महत्त्वाचं माप म्हणजे नाकाची उंची: हँडलच्या बैठकीच्या सपाट तळापासून नाकाच्या खालच्या बाजूपर्यंत. 9 मिमी आणि 21 मिमी ही नेहमी आढळणारी मापं, मधलीही असतात. नाक ठेंगणं पडलं तर ते ठोकळ्यावर चढतच नाही. उंच झालं तर चढतं पण दाब येत नाही आणि वाऱ्यात झडप खडखडते.

जुन्या हँडलच्या नाकाखाली 10.5 मिमी भरले. पण नाकाच्या खालच्या अंगाला खोलगट झीज होती, तेव्हा मूळ उंची यापेक्षा कमी असणार. खात्रीसाठी झडप घट्ट ओढून बंद ठेवली, चौकटीवरच्या ठोकळ्यावर सरळ पट्टी आडवी धरली आणि तिच्यापासून झडपेच्या पृष्ठभागापर्यंतची खोली मोजली. 9 मिमी. मग स्क्रूंचं अंतर आणि नाक कुठल्या बाजूला आहे तेवढं टिपलं. या प्रकारात स्क्रूंचं अंतर हँडलगणिक बदलतं, 43 धरून चालू नये.

अॅल्युमिनियममध्येच मागे दोन दातांचा काटा असलेलं हँडलही असतं, त्यात दातांची लांबी आणि दोन दातांमधलं अंतर बघावं लागतं. आणि आतही उघडणाऱ्या, वरून तिरक्याही होणाऱ्या खिडक्यांचं हँडल 7 मिमी आणि 43 मिमी याच मापाचं असलं तरी ते 180 अंश फिरायला लागतं. साधं हँडल तिथे बसेल, पण तिरकं उघडण्याची सोय जाईल. या घरात यातलं काही नव्हतं.

निवड

वरच्या तीन खोल्यांचा विचार करताना बराच वेळ गेला, आणि तो द्यायलाच हवा होता. मुलगी पलंगावर चढून खिडकीपर्यंत पोचते, म्हणून आईवडिलांना किल्लीची हँडल हवी होती. पण झोपायच्या खोलीची खिडकी ही आग लागली तर बाहेर पडायची वाटही असते. किल्ली कपाटात राहिली आणि धूर भरला तर ती शोधणार कोण? आजी म्हणाल्या, "मला अंधारात किल्ली लावता येणार नाही बाबा." त्यांचं बरोबर होतं.

शेवटी दोन कामं दोन वस्तूंवर सोपवली. मूल पडू नये म्हणून तिन्ही खिडक्यांना झडप साधारण 100 मिमीपेक्षा जास्त उघडू न देणारा अडसर, जो मोठ्या माणसाला वरून दाबून हाताने सोडवता येतो. आजींची सोडून बाकीच्या दोन खोल्यांत बटणाचं हँडल, म्हणजे बटण दाबल्याशिवाय फिरत नाही, पण किल्ली लागत नाही. आजींच्या खोलीत बटणही नाही, कारण सुजलेल्या अंगठ्याने बटण दाबून त्याच वेळी मूठ फिरवणं त्यांना जमत नव्हतं. त्यांच्यासाठी लांब, चपटी, तळव्याने ढकलता येईल अशी मूठ. लांब मुठीला जोर कमी लागतो. मात्र हा उपाय सुरळीत चालणाऱ्या खिडकीलाच करावा. अडलेल्या खिडकीला लांब मूठ लावणं म्हणजे गिअरबॉक्स तोडायची सोय करणं. त्यांच्या खिडकीला आत सरकती जाळी आहे, म्हणून मूठ झडपेपासून किती बाहेर येते तेही पाहिलं. जाळी आणि झडप यांच्यात 48 मिमी जागा होती. पहिल्यांदा पसंत केलेलं हँडल 52 मिमी बाहेर येत होतं. ते बाजूला ठेवलं आणि 42 मिमीचं घेतलं.

बाथरूमच्या हँडलला पांढरे फोड आले होते. बहुतेक हँडल जस्ताच्या मिश्रधातूची ओतीव असतात आणि वर पावडर कोटिंग किंवा क्रोमचा मुलामा असतो. मुलाम्याखाली वाफ शिरली की फोड येतात, आणि आम्लाच्या टाइल क्लीनरचे शिंतोडे ते काम लवकर करतात. युरोपीय मानक ईएन 1670 मध्ये गंजरोधाच्या श्रेणी आहेत: मिठाच्या फवाऱ्यात तिसरी श्रेणी 96 तास, चौथी 240 तास, पाचवी 480 तास. खोलीतल्या कोरड्या खिडकीला तिसरी पुरते. बाथरूम आणि स्वयंपाकघराला चौथी घेतली. खाऱ्या वाऱ्याचं घर असतं तर पाचवी किंवा चांगल्या स्टेनलेस स्टीलची घ्या म्हणालो असतो.

बैठकीतली दोन हँडल बदलली नाहीत. तिथे फक्त स्क्रू ढिले होते. ताईंना ती जुनाट वाटत होती. तरी चांगली चालणारी, नीट मापाची, मूळची हँडल काढून टाकायला मी तयार नव्हतो, आणि तसं त्यांना सांगितलं.

बसवताना आणि नंतर

सगळी एकदम न मागवता आधी वरच्या एका खिडकीचं हँडल आणलं, बसवून पाहिलं, मग बाकीची. बसवताना झडप उघडी. हँडल आणि गिअरबॉक्स दोन्ही उघड्या स्थितीत असताना स्पिंडल घालायचं, नाहीतर बंद खिडकीची मूठ आडवी राहते. स्क्रू हाताच्या स्क्रूड्रायव्हरने आवळले. ड्रिल मशीनने आवळले की यूपीव्हीसी आत दबतं, हँडलची बैठक वाकते आणि नवं हँडलही जड फिरतं. आवळल्यावर जड वाटलं तर स्क्रू पाव फेरी ढिला करून बघावा, बहुतेक वेळा तेवढ्याने सुटतं. पट्टी आणि पिनांना हलकं तेल दिलं, मग उघड्या झडपेत काही वेळा फिरवून पाहिलं आणि त्यानंतरच झडप लावली.

अडगळीच्या खोलीतलं नवं नाकाचं हँडल ठोकळ्यावर चढलं, पण दाब हवा तेवढा आला नाही. तिथलं रबर चपटं होऊन कडक झालंय. ठोकळ्याखाली प्लॅस्टिकची पातळ चकती घातल्यावर खडखड बरीच कमी झाली, तरी जोराच्या वाऱ्यात थोडी उरते. त्या जुन्या खाचेत बसेल असं रबर अजून मिळालेलं नाही, ते काम बाकी आहे.

स्वयंपाकघराच्या झडपेचे कर्ण काही महिन्यांनी पुन्हा मोजले. चकती जागेवर होती, फरक वाढला नव्हता. आजी आता ती खिडकी स्वतः लावतात. चौकटीवर घासल्याची चकचकीत खूण तेवढी तशीच आहे, ती जाणार नाही.